चेहरा न काढलेलं आईचं चित्र

मामाने काढलेल्या त्या चित्रात आईला नाक नाही, डोळे नाहीत, ओठ नाहीत. पदराखाली एक तपकिरी डाग आहे, हनुवटीच्या बाजूला जरा नारिंगीकडे झुकणारा, बस, तेवढंच. तरी आईला लग्नाआधीपासून ओळखणारं कुणीही घरी आलं आणि त्या भिंतीसमोर उभं राहिलं की लगेच म्हणतं, अगं ही तर तुझी आई! मावशी म्हणाली, गिरगावातल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, मामेभाऊ तर तेव्हा जन्मालाही आला नव्हता पण तोही म्हणाला. एकटी आई तेवढी मान्य करत नाही. "दादाने कुणाचं काढलंय देव जाणे, चेहरा कुठाय त्याला?" हे तिचं ठरलेलं वाक्य आहे आणि ते ती गेली कित्येक वर्षं न थकता म्हणतेय.

मला या चित्राबद्दल खूप दिवस लिहायचं होतं. मागच्या महिन्यात ते नव्याने फ्रेम करायला दिलं, तेव्हा पहिल्यांदाच काचेच्या बाहेर काढून हातात धरता आलं, खिडकीपाशी नेऊन तिरपं करून बघता आलं, आणि तेव्हा जे दिसलं ते एवढ्या वर्षांत काचेतून कधी दिसलं नव्हतं. म्हणून आता लिहितेच.

आधी चित्र काय आहे ते सांगते. पाव इम्पीरियल, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंची कागद, जलरंग, कोपऱ्यात मामाची सही आणि १९७६. गिरगावातल्या चाळीची गच्ची. खाली पसरलेल्या जुन्या धोतरावर कुरडया वाळत घातल्यात, त्या म्हणजे पिवळट पांढऱ्या गोल गोल खुणा, दोनचार ठिकाणीच नीट काढलेल्या, बाकीच्या नुसत्या सुचवलेल्या. मागे पाण्याची टाकी आणि तिची गडद सावली. आणि मधोमध, जरा डावीकडे, आई. फिकट लिंबू रंगाची वायल, काठ मरून, पदर डोक्यावरून घेतलेला, हातात कावळे हाकायची काठी. ज्यांच्या घरी कुरडया झाल्यात त्यांना माहितीये, चीक शिजवून सोऱ्याने घालणं हे मोठ्यांचं काम, आणि मग त्या वाळेपर्यंत गच्चीवर राखणीला बसणं हे घरातल्या पोरींचं. आई तेव्हा कॉलेजात होती, म्हणजे पोर नव्हती, पण धाकटी होती, त्यामुळे काठी तिच्याकडेच.

मामा परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. रविवारी सकाळी कागद बोर्डाला लावून बाहेर पडायचा, बाणगंगा, ससून डॉक, वरळी कोळीवाडा, आणि कुठेच जायचं नसेल तेव्हा गच्ची. त्याची बरीचशी चित्रं वाटली गेली, काही पावसाने खाल्ली. हे राहिलं.

आता मुद्द्यावर येते. सगळ्यांनी तिला ओळखलं ते पायांवरून. गच्चीवर अनवाणी उभी आहे, जुना विटकरी कोबा, एप्रिलचं ऊन, पाय भाजतायत. त्यामुळे तिने एका पायावर भार दिलाय आणि दुसऱ्या पायाचा तळवा पहिल्याच्या पावलावर टेकवलाय, आणि त्या भाराने कंबर एका बाजूला आलीय, उलट बाजूचा खांदा उतरलाय, काठी त्या बाजूला जमिनीला टेकलीय. आई आजही ओट्यापाशी अश्शीच उभी राहते. फोडणी तडतडत असली की, फोनवर बोलत असली की, पाय पायावर. डोंबिवलीच्या टाइल्स काही भाजत नाहीत, पण सवय राहिली. मामेभावाने ओळखलं ते याच्यावरून, कारण त्याने आत्याला तसंच उभं राहिलेलं लहानपणापासून पाहिलंय.

आणि हे सगळं मामाने कसं काढलंय ते बघा. भार दिलेला पाय म्हणजे ब्रशचा एकच गडद फटकारा, बर्न्ट सिएना (नारिंगीकडे झुकणारा तपकिरी) आणि अल्ट्रामरीनचा (गडद निळा), आणि तो जमिनीला जिथे टेकतो तिथे सावली त्याला घट्ट चिकटलेली, मध्ये तसूभरही जागा नाही. वर उचललेल्या पायाची सावली मात्र सुटी पडलीय, त्या दोन सावल्यांच्या मध्ये उन्हाचा एक छोटासा कोरा तुकडा शिल्लक आहे, तांदळाएवढा. फक्त तो तुकडा सोडल्यामुळे डोळ्याला कळतं की एक पाय हवेत आहे. तो भरला असता तर दोन्ही पाय टेकले असते आणि गच्ची थंड झाली असती. मी काचेतून इतकी वर्षं बघत होते, मला पाय उचललेला आहे हे कळत होतं पण कशामुळे कळतंय ते दिसलं नव्हतं.

जलरंगात ऊन म्हणून वेगळा रंग नसतो हे चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. रंग पारदर्शक, उजेड त्याच्यातून आरपार जाऊन कागदावर आपटतो आणि परत येतो, म्हणून चांगल्या जलरंगात उजेड आतून आल्यासारखा वाटतो. सगळ्यात जास्त उजेड हवा असेल तिथे कागद तसाच ठेवायचा. तैलरंगात शेवटी पांढरा ठिपका देऊन भागतं, इथे आधीपासूनच ठरवावं लागतं की ऊन कुठे पडलंय, आणि एकदा तिथे रंग गेला की तो कोरेपणा काही तसाच्या तसा परत येत नाही. माणूस रंगवताना तर फारच अवघड, कारण माणूस हलतो, आणि ऊनही सरकत असतं.

या चित्रात आईचा टाकीकडचा खांदा पूर्ण कोरा आहे. पेन्सिलची रेघसुद्धा नाही. खांद्याची कड दिसते ती मागच्या टाकीच्या सावलीमुळे, सावली गडद, खांदा कोरा, आणि दोघांच्या मध्ये जी हद्द पडली तोच खांदा. जरा खाली या, कोपराच्या खाली, तिथे उलटं केलंय, मागची गच्ची उजळ आणि हात गडद. आणि दुसऱ्या बाजूला, डोक्याच्या वर जिथे मागे टाकी नाही, नुसतं आकाश आहे, तिथे पदराची कड सरळ आकाशात मिसळून गेलीय. हरवलीये. एप्रिलमध्ये मुंबईचं आकाश निळं कुठे असतं, दहा वाजले की ते पांढुरकं होतं, दमट हवेने, आणि मामाने तसंच केलंय, अगदी पातळ सेरुलियन, म्हणजे आकाशी निळा, आणि त्यात किंचित यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि पदराचा उजळ भाग त्यात विरघळू दिलाय. काठ रेखून घेतला असता तर आकृती कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसली असती. आपल्याकडे घरोघरी उन्हातली चित्रं टांगलेली असतात त्यात नव्वद टक्के वेळा हीच गडबड असते, माणूस ऊन खात नाही, उन्हाच्या पुढ्यात ठेवलेला असतो.

सावलीबद्दल लिहायलाच हवं. तिची सावली गच्चीवर डावीकडे पडलीये आणि ती राखाडी नाहीये. पायाशी तपकिरी-जांभळी आहे आणि लांब जाईल तशी निळी होत गेलीय. हे नुसतं सुंदर दिसावं म्हणून नाही केलेलं. सावलीत सूर्य पोचत नाही पण आकाश पोचतं, वरून आकाशाचा उजेड पडतोच, म्हणून उघड्यावरची सावली थंड, निळसर. पायाजवळ आकाश अंगाने अडवलेलं असतं आणि साडीवरून, पायावरून परत फिरलेला उबदार उजेड तिथे मिसळतो. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत मोने, रेन्वार, देगा वगैरे चित्रकार मंडळींनी पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यानंतर लोकांनी ज्या गोष्टींवर त्यांना हसून घेतलं त्यात या जांभळ्या-निळ्या सावल्या होत्या. आज कुठल्याही गच्चीवर दुपारी पांढरी चादर वाळत घाला आणि तिच्यावर पडलेल्या दोरीच्या सावलीकडे बघा, निळी दिसेल. दिसतेच. आपल्या डोक्यात सावली काळी असते म्हणून आपण बघत नाही.

काचेबाहेर काढल्यावर सावलीतली अजून एक गंमत दिसली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांमध्ये रव्यासारखे बसलेत आणि सिएना त्यांच्यामधून पसरलाय. म्हणजे मामाने पॅलेटवर रंग पूर्ण घोटून एक केला नाही, दोन्ही ओले असताना कागदावरच एकमेकांत सोडले आणि हात काढून घेतला. त्यामुळे सावली जवळून बघितली तर ती हलते. एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकाच ओल्या थरात, केलेली आहे, कुठे दुसरा थर नाही. असं करायला छातीत हिंमत लागते, कारण एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कागद मिनिटभरात वाळतो, आणि तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन जातं. जुलैत याच्या उलट, वॉश वाळतच नाही, मामा तेव्हा स्टोव्हच्या वर कागद धरायचा असं मामी सांगायची.

सावलीवरून मी वेळही काढली. सावली तिच्या उंचीच्या साधारण निम्मी आहे. एप्रिलच्या मध्यात मुंबईत सूर्य दुपारी जवळपास डोक्यावर येतो, आणि मे महिन्याच्या मध्यात तर शून्य सावलीचा दिवसच असतो, साडेबाराच्या सुमाराला उभ्या खांबाची सावली बुडातच गडप होते, कारण मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे आणि सूर्य तेव्हा बरोब्बर तिथे येतो. तर निम्मी सावली म्हणजे अकराच्या आसपास, आणि सूर्य अजून पूर्वेकडे, म्हणजे सावली चौपाटीच्या बाजूला. आईला विचारलं, कुरडया घालून किती वाजेपर्यंत व्हायच्या गं? म्हणाली, नऊ-साडेनऊला घालून व्हायच्या, मग मी वर. बसलं सगळं. आणि ही वेळ त्याने मुद्दाम निवडली असणार असं मला वाटतं, कारण अजून दीड तास थांबला असता तर ऊन सरळ वरून आलं असतं, सावली पायाखाली गोळा झाली असती आणि आकृतीला बाजूच उरली नसती. भर दुपारचं मुंबईचं ऊन माणूस रंगवायला फार वाईट, सगळं चपटं करून टाकतं.

आता चेहऱ्याचं. पदर डोक्यावर, सूर्य वर आणि जरा मागे, म्हणजे चेहरा पूर्ण सावलीत. बाहेर एवढा लख्ख उजेड असताना पदराखालच्या चेहऱ्यात तुम्हाला खरंच काय दिसतं? उद्या कुणाला तरी गच्चीवर उभं करून दहा पावलांवरून बघा. डोळे दिसत नाहीत. दिसतो तो एक गडद आकार आणि खालून, हनुवटीला आणि गळ्याला, जमिनीवरून आलेला उजेड. कोबा विटकरी म्हणून तो उजेड नारिंगी. मामाने नेमका तोच काढलाय. जे दिसत होतं ते काढलं, जे त्याला माहीत होतं ते नाही काढलं. बहिणीचा चेहरा त्याला पाठ असणार, रोज बघत होता, झोपेतही काढता आला असता. तो पाठ असलेला चेहरा त्याने बाजूला ठेवला, मला हे फार मोठं वाटतं. आणि माझं तर मत आहे की चेहरा काढला असता तर लोक नाक जुळतंय का, डोळे जुळतायत का तेच बघत बसले असते आणि पायाकडे कुणी बघितलंच नसतं.

आपल्याकडे चित्राचं कौतुक म्हणजे "अगदी फोटोसारखं". हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, त्या प्रेमातून महाराष्ट्राने केवढे मोठे चित्रकार दिलेत. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, जे बऱ्याच लोकांना रविवर्म्याचं वाटतं. ते जलरंगात आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पण तिथे अंधारात एकच दिवा आहे, तिने तो हाताने झाकलाय, बोटांतून उजेड लाल होऊन येतोय आणि सगळा उजेड चेहऱ्याकडेच चाललाय. तिथे चेहरा हवाच. उघड्यावरच्या उन्हाचं तसं नसतं, ते सगळीकडून येतं, वरून सूर्य, बाजूने आकाश, खालून जमीन, त्याला चेहऱ्याचं काही विशेष नसतं, ते खांद्यावर जास्त पडतं. दोन्ही चित्रं आपापल्या उजेडाला धरून आहेत.

यात कातडीचा रंग हा माझा खास जिव्हाळ्याचा विषय. शाळेत असताना खडूंच्या पेटीत एका खडूला सगळे "स्किन कलर" म्हणायचे आणि तो फिकट गुलाबी असायचा, आणि वर्गातल्या एकीचीही कातडी तशी नव्हती. पुढे परदेशी पुस्तकं बघून जलरंग शिकायला जावं तर तिथेही लाइट रेड अधिक यलो ऑकर, भरपूर पाणी. त्याने गिरगावची मुलगी होत नाही. गव्हाळ, सावळी कातडी उन्हात काय करते ते मामाने या हातात दाखवलंय. जिथे सूर्य सरळ पडतो तिथे ती गुलाबी होत नाही, चकाकते, आणि ती चकाकी आकाशाची असते म्हणून किंचित थंड, जवळपास कोरी. तिथे त्याने कागद सोडलाय आणि कडेला नुसता निळ्याचा श्वास. त्याच्या लगेच शेजारी, उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्टीत, सगळ्यात तेजस्वी रंग आहे, स्वच्छ बर्न्ट सिएना, जवळपास केशरी. आणि मग सावलीचा भाग, त्यात अल्ट्रामरीन, आणि तरी तो मेलेला नाही कारण साडीचा पिवळा त्यात परतलाय. मनगटापासून कोपरापर्यंत हे सगळं होतं आणि एकूण तीन फटकारे असतील. सावळ्या माणसाला उन्हात रंगवण्याइतकं सुंदर दुसरं काम नाही, कारण त्या कातडीत उजळ आणि गडद यांच्यामध्ये गोऱ्या कातडीपेक्षा खूप जास्त जागा असते. आणि मुंबईत तर अशी माणसं बघावीत तिथे उन्हात उभी आहेत.

जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराची जलरंगचित्रं मला आवडतात ती याच जातीच्या कारणाने. श्रीमंतांची व्यक्तिचित्रं काढून काढून तो कंटाळला आणि सुट्टीत आल्प्समध्ये बहिणी-भाच्यांना घेऊन जायचा, त्यांना गवतावर बसवायचा, छत्र्या द्यायचा आणि जलरंगात त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवरचं ऊन काढायचा. १९११ च्या सुमाराची सिम्प्लॉन खिंडीतली चित्रं आहेत, बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये, या संग्रहालयाने १९१२ मध्ये त्याची ४५ जलरंगचित्रं एकदम घेतली. त्याआधी १९०९ मध्ये ब्रुकलिन म्युझियमने ८० हून जास्त घेतली होती. त्या चित्रांत कपडे पांढरे पण पांढरा सापडतच नाही, निळा, मोतिया, पिवळट, हिरवट, आणि चेहरे म्हणजे टोपीखाली दोनतीन डाग. त्याची भाची रोझ-मरी त्याच्या या काळातल्या बऱ्याच चित्रांत आहे. १९१८ मध्ये पॅरिसच्या सेंट-जेर्वे चर्चवर जर्मन तोफेचा गोळा पडला त्यात ती गेली. तिचा मामाच होता तो, आपल्या नात्यात मोजलं तर, बहिणीची मुलगी. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ ती चित्रं परत परत बघत होते, शालीत गुरफटलेली एक मुलगी, नाकडोळे धड नाहीत, आणि घरातलं माणूस आहे हे मात्र स्पष्ट कळतं, इतक्या सैलपणे ती बसलीय.

मुंबईतही उन्हात बसून जलरंग करणारे खूप लोक आहेत आता, रविवारी फोर्टात, हॉर्निमन सर्कलला, बाणगंगेला बोर्ड घेऊन बसलेले दिसतात, जेजेची मुलं तर असतातच. जे. जे. स्कूल १८५७ चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची, म्हणजे या शहरात उघड्यावर बसून रंगवायची सवय आजची नाही. मला ते बघायला फार आवडतं. एकच सांगावंसं वाटतं. हल्ली जलरंगात माणूस काढायचा म्हणजे कॅरट फिगर, वर ठिपका, खाली निमुळतं होत गेलेलं गाजर, झाला माणूस. गर्दीसाठी ठीक आहे, फोर्टातल्या फुटपाथवरची गर्दी अशीच दिसते. पण मग पुढच्या बाजूचा माणूसही गाजर, आणि ओला रस्ता, आणि काळी-पिवळी टॅक्सी, आणि तिचं प्रतिबिंब. सगळ्या माणसांचं वजन सारखं, कुणाचा पाय दुखत नाही, कुणाच्या हातातली पिशवी जड नाही. आमच्या शाळेत इंटरमिजिएट ग्रेडच्या स्मरणचित्राची तयारी करून घेताना बाई सांगायच्या, आधी तो माणूस काय काम करतोय ते तुझ्या अंगाने करून बघ, मग काढ. पाणी भरलेली बादली उचलून बघ, खांदा कुठला वर जातो ते बघ. मामाही वर्गात हेच करून घ्यायचा म्हणे, मुलांना बेंचवर उभं करून. चेहरा सोडायचा असेल तर हे तर यायलाच हवं, नाहीतर काही उरतच नाही.

तर फ्रेमबद्दल. जुनी फ्रेम मागून उघडली. मागे पुठ्ठा लावलेला, तो पार तपकिरी झालेला आणि त्याचे डाग कागदाच्या कडांवर उतरलेले, दोन ठिकाणी बुरशीचे ठिपके. फ्रेमवाले काका म्हणाले, ताई, थांबा, माउंट उचलतो, घाबरू नका. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, उचलला तर खाली चारी बाजूंनी बोटभर पट्टी अशी निघाली की रंग वेगळेच. आईच्या साडीचा पदर एका बाजूला कागदाच्या कडेपर्यंत उडत गेलाय ना, तिथे काठाचा थोडासा भाग माउंटखाली दबलेला होता. तो गडद, जवळपास जांभळाच्या रसाचा मरून. आणि उघडा राहिलेला काठ फिकट गुलाबी-तपकिरी. मी आत्तापर्यंत त्या फिकट रंगालाच मरून समजत होते. क्रिमसन जातीचे, म्हणजे गडद लाल, काही जुने रंग उजेडाला टिकत नाहीत, हे वाचलेलं होतं, अल्ट्रामरीन आणि सिएना टिकतात म्हणून सावली जशीच्या तशी आणि काठ गेला. आमच्या हॉलमध्ये ते चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं, दुपारभर ऊन.

मी ते तसंच घेऊन घरी आले, आईला टेबलावर उघडून दाखवलं. तिने चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि त्या दबलेल्या पट्टीवर बोट ठेवायला गेली, मी म्हटलं हात नको लावूस. म्हणाली, "हा! हाच रंग होता. वायलच होती ती, दादरला घेतलेली, आईने काठ बघून घेतली होती." मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, "पण चेहरा काढायला हवा होता दादाने." मी म्हटलं, आई, तुझी साडी आहे ना? म्हणजे तू आहेस ना? "साडी माझी आहे," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. टेबलापासून ओट्यापर्यंत गेली आणि उभी राहिली, पाय पायावर. मी काही बोलले नाही.

ती चाळ आता नाहीये, रिडेव्हलपमेंटला गेली. बाजूला टॉवर आहे आणि अकरा वाजता त्या जागी टॉवरची सावली असते, मी मुद्दाम एकदा जाऊन बघून आले.

तुमच्याही घरात कुणाचं जुनं जलरंगचित्र असेल, आजोबांचं, आत्याचं, बाबांच्या मित्राने काढून दिलेलं, तर कृपा करून हे एवढं करा. उन्हाच्या समोरून आजच काढा, आतल्या भिंतीवर लावा, बाथरूमला लागून असलेली किंवा पावसात ओल धरणारी भिंत नको. मागचा साधा पुठ्ठा काढून ॲसिड-फ्री बोर्ड लावायला सांगा, फ्रेमवाल्याला नेमका हाच शब्द सांगा, तो म्हणेल काही फरक पडत नाही, तरी आग्रह धरा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट हवाच, नाहीतर जुलैमध्ये आत ओलावा धरतो आणि कागद काचेला चिकटतो. लॅमिनेशन अजिबात करू नका. आणि जुना माउंट उचलाल तेव्हा त्याच्याखालच्या पट्टीचा लगेच दिवसाउजेडी फोटो काढून ठेवा, उडालेल्या रंगांचं मूळ रूप फक्त तिथेच शिल्लक असतं. आमचं आता पॅसेजमध्ये लावलंय, आणि यावेळी माउंट जरा रुंद कापून घेतला, म्हणजे मरूनची ती पट्टी आहे तशी झाकलेलीच राहील.